रसायन नको, ते नेमकं कुणाला?

“कॉम्प्युटरला जायचंय ना, मग केमिस्ट्रीचं एवढं काय घेऊन बसलात?” बारावीचा निकाल लागला की हे वाक्य मुळशी तालुक्यात कुठेही उभं राहिलात तरी कानावर पडतं. हिंजवडीत आयटीत असलेले वडील, बावधनच्या सोसायटीतल्या काकू, पिरंगुटला क्लास चालवणारे सर, सगळ्यांचं यावर एकमत. अलीकडे त्याला वरूनही दुजोरा मिळाल्याचं सांगितलं जातं. तंत्रशिक्षण परिषदेनंच म्हणे रसायन काढून टाकलं, मग तुम्ही पहिल्या वर्षाला अजून ते का शिकवता आणि आमच्या मुलांचा वेळ का खाता, अशी विचारणा होते.

या म्हणण्याचा प्रतिवाद करायचा आहे. मी याच तालुक्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला रसायन शिकवतो, म्हणजे या भांडणात माझ्या पोटाचा प्रश्न आहे. वाचकाने ते खुशाल लक्षात ठेवावं, पण युक्तिवाद युक्तिवाद म्हणूनच तपासावा.

आधी जे सर्रास चुकीचं सांगितलं जातं ते दुरुस्त करू. मार्च 2021 मध्ये या परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, 2021-22 साठीची मंजुरी-पुस्तिका काढली. तिच्यात अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी 14 विषयांची यादी होती. भौतिक, गणित, रसायन यांच्याच रांगेत जीवशास्त्र, शेती, बिझनेस स्टडीज, आंत्रप्रनरशिप हेही बसवले होते आणि यांतले कोणतेही तीन चालतील असं म्हटलं होतं. गहजब झाला तो गणित आणि भौतिकशास्त्रावरून. तेव्हाचे अध्यक्ष अनिल सहस्रबुद्धे, जे पूर्वी आपल्या पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे संचालक होते, त्यांना राज्यांवर सक्ती नसल्याचा खुलासा करावा लागला. रसायनासाठी मात्र कुणी फारसं रडलं नाही, कारण रडावं असं नवीन काही घडलंच नव्हतं. त्याआधीच्या नियमातही सक्ती होती ती भौतिक आणि गणिताची. तिसरा विषय रसायन असो, जीवशास्त्र असो, जैवतंत्रज्ञान असो की एखादा तांत्रिक-व्यावसायिक विषय असो, चालत होता. महाराष्ट्राने हीच अट पुढे चालू ठेवली. मार्च 2022 च्या पुस्तिकेत शाखावार तक्ता आला आणि संगणक, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स अशा शाखांना रसायन ऐच्छिक ठरलं. तेव्हा ‘आत्ता काढलं’ हे खरं नाही. दारावरचा पहारा कधीच उठला होता, पाटी तेवढी उशिरा बदलली.

2021 च्या त्या पुस्तिकेत एक ओळ होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी पूरक अभ्यासक्रम चालवावेत, उदाहरणार्थ गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी रेखाचित्र, इत्यादी. रसायन त्या ‘इत्यादी’त! जीवशास्त्र आणि बिझनेस स्टडीज घेऊन आलेल्या मुलाला गणिताचा पूल बांधून द्यायचा, भौतिकाचा बांधून द्यायचा, रसायनाची नदी त्याने पोहून जावी.

आता एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. त्याने बारावीला भौतिक, गणित आणि एखादा तांत्रिक विषय घेतला आहे. नियम म्हणतो, ये, तू पात्र आहेस. मग तो एमएचटी-सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, बसतो. पीसीएम गटात गणिताला 100 गुण, भौतिकाला 50 आणि रसायनाला 50. म्हणजे जो विषय न घेता तू पात्र आहेस, त्याचेच 200 पैकी 50 गुण तुझ्या पर्सेंटाइलमधून जाणार. त्यातूनही तरला आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात आला, तर 2019 च्या पॅटर्नमध्ये ‘इंजिनिअरिंग केमिस्ट्री’ त्याच्यापुढे उभी असायची. शाखा कोणतीही असो, आठवड्याला चार तास वर्ग आणि दोन तास प्रात्यक्षिक असायचं. शेजारच्या बाकावर पूर्ण पीसीएम केलेला मुलगा आणि दोघांना पेपर एकच. उलट त्याचा मित्र दहावीनंतर डिप्लोमाला गेला, तर तिथे पहिल्या सत्रात भौतिक आणि रसायन मिळून एक ‘बेसिक सायन्स’ शिकला आणि डिप्लोमा संपवून थेट दुसऱ्या वर्षाला दाखल झाला. त्याची आणि इंजिनिअरिंग केमिस्ट्रीची गाठच पडली नाही. पदवी दोघांची सारखीच, कागदही सारखाच.

पात्रतेचा नियम म्हणतो ऐच्छिक, प्रवेश परीक्षा म्हणते सक्तीचं, पहिलं वर्ष म्हणतं सर्वांना सारखं, आणि थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता त्याला वळसा घालून जातो. एका राज्यात एका विषयाबद्दल इतकी उत्तरं असतील, तर हे धोरण मुलाला काय हवं याचा विचार करून कुणी आखलं, असं मी तरी मानणार नाही. लवळ्यात एकाच गावाच्या हद्दीत पुणे विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि अभिमत विद्यापीठाची अभियांत्रिकी संस्थाही आहे. पहिल्याला विद्यापीठाचा अभ्यासक्रम बांधील, दुसरी आपला स्वतः ठरवते. स्वातंत्र्य असण्याला माझी हरकत नाही. पण त्या स्वातंत्र्यात काय गाळलं आणि का गाळलं, हे प्रवेश घेणाऱ्या पालकाला सांगितलं जातं का? माहितीपत्रकात वसतिगृहाच्या जेवणाचा फोटो असतो, रसायनाचे श्रेयांक शोधून काढावे लागतात.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र मला मान्य करायला हवा, कारण तो खरा आहे. जे शिकवलं जातं ते शिळं आहे. 2019 च्या पॅटर्नचा पहिलाच घटक पाण्याचा होता. पाण्याची कठीणता ईडीटीएच्या टायट्रेशनने काढायची, आणि मग बॉयलर. बॉयलरमध्ये साचणारी खपली, गाळ, प्रायमिंग, फोमिंग, कॉस्टिक एम्ब्रिटलमेंट. हिंजवडीची स्वप्नं पाहणारी मुलगी कॉस्टिक एम्ब्रिटलमेंट पाठ करते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचे भाव मी दर वर्षी बघतो. रिव्हेट ठोकलेल्या बॉयलरच्या जमान्यात हा जीवघेणा प्रश्न होता, आज तो तिला कुठे भेटणार, हे तिला कुणी सांगत नाही. दुसऱ्या टोकाला एआयसीटीईचा 2018 चा आदर्श अभ्यासक्रम आहे. त्यातल्या ‘केमिस्ट्री-एक’मध्ये सुरुवातीलाच श्रोडिंगरचं समीकरण, पुढे रेण्वीय कक्षा, स्टिरिओकेमिस्ट्री आणि शेवटी एका औषधी रेणूचं संश्लेषण. स्थापत्याच्या मुलाने औषध बनवायला शिकावं की काय? एका बाजूला गिरणीच्या भोंग्याच्या काळातला अभ्यासक्रम आणि दुसऱ्या बाजूला बी.एस्सी.च्या तीन वर्षांचा काढा. दोन्ही ठिकाणी शाखा कोणती हा प्रश्न विचारायचा राहून गेला आहे.

पण इथेच विरोधकांची उडी चुकते. अभ्यासक्रम वाईट आहे, म्हणून विषयच नको? तीच खपली घ्या. पुण्यात मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा ‘सेंट्रल इंडिया’ प्रदेश आहे, म्हणजे प्रचंड विदा केंद्रं आहेत. हजारो सर्व्हरची उष्णता बाहेर काढायला असा उद्योग जिथे कूलिंग टॉवर वापरतो, तिथे पाणी बाष्प होऊन उडतं, क्षार मागे राहून घट्ट होत जातात आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर नळ्यांवर बसतो. थर बसला की उष्णता अडते, वीज जास्त लागते. धडा तोच, रसायन तेच. फक्त ‘बॉयलर’ खोडून ‘कूलिंग टॉवर’ लिहिलं असतं आणि ‘थर बसल्याने विजेचं बिल किती वाढतं ते काढा’ असं गणित दिलं असतं, तर त्या मुलीने मान वर केली असती. एवढं करण्यासाठी ना जादा श्रेयांक लागतात ना जादा पैसा. अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत होण्यासारखं काम आहे.

आणि मुळशीत राहून रसायनाचा काय संबंध, असं विचारणाऱ्याने जरा आजूबाजूला बघावं. 7 जून 2021 ला पिरंगुटजवळ उरवड्यात एसव्हीएस अॅक्वा टेक्नॉलॉजीजच्या कारखान्याला आग लागली. 17 कामगार गेले, त्यांतल्या बहुतेक बायका होत्या. पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या तिथे बनत. एआयसीटीईच्या त्या 14 विषयांच्या यादीला तेव्हा तीन महिने झाले होते. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा भंपकपणा मी करणार नाही. अभ्यासक्रमामुळे आग लागत नाही आणि अभ्यासक्रमाने विझतही नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की घोटावडे, उरवडे, पिरंगुट या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत केमिकल इंजिनिअर क्वचितच दिसतो. तिथे मेकॅनिकलचा पोरगा प्रॉडक्शन बघतो, इलेक्ट्रिकलचा मेंटेनन्स बघतो, आणि सेफ्टीच्या फायलीवर सही त्यांच्यापैकीच कुणाची तरी असते. क्लोरीन डायऑक्साइडसारखा ऑक्सिडायझर स्वतः जळत नसला तरी शेजारच्या जळणाला ऑक्सिजन पुरवतो, म्हणून त्याच्याजवळ प्लास्टिक, पुठ्ठा, तेलकट चिंध्या ठेवायच्या नसतात. हे त्याला कुठे शिकायला मिळणार? सेफ्टी डेटा शीट वाचता येणं ही माझ्या दृष्टीने प्रत्येक शाखेच्या अभियंत्याची किमान पात्रता आहे. 2019 च्या अभ्यासक्रमात कोळशाचं विश्लेषण होतं, ती शीट वाचायची कशी हे नव्हतं.

स्थापत्याचं उदाहरण याहून सोपं. सूस, म्हाळुंगे, हिंजवडीत टॉवर उभे राहतात ते बऱ्याचदा बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर. काँक्रीटच्या पाण्याबद्दल आयएस 456 हे भारतीय मानक सांगतं की पीएच 6 च्या खाली नको. लोखंड नसलेल्या काँक्रीटला लिटरमागे 2000 मिलिग्रॅम क्लोराइड चालतं, पण आरसीसीला 500 च्या वर नको. हा चौपट फरक कशासाठी? काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळईवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि तोच तिला गंजण्यापासून वाचवतो. क्लोराइड तो पापुद्रा फोडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून रेटा देतो आणि स्लॅबचं कव्हर सुटून पडतं. हे ज्याला समजलं तो साइट इंजिनिअर टँकरवाल्याकडे पाण्याचा रिपोर्ट मागेल. ज्याने फक्त आकडे पाठ केले, तो टँकर रिकामा करून घेईल, कारण स्लॅब ओतायची वेळ झालेली असते.

“ते मेकॅनिकल-सिव्हिलचं झालं हो, आमचा मुलगा कॉम्प्युटरला आहे.” बरं, त्याच्याकडे येऊ. मार्च 2022 मध्ये, म्हणजे विद्युत आणि संगणकाला रसायन ऐच्छिक करणारी पुस्तिका निघाली त्याच महिन्यात, पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली आणि तिची चित्रफीत देशभर फिरली. त्या वर्षी देशात अशा आणखी घटना घडल्या आणि बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस 156 हे मानक कडक करावं लागलं. लिथियम-आयन सेल तापला की काही प्रकारांत कॅथोडच ऑक्सिजन सोडतो, इलेक्ट्रोलाइटमधलं सेंद्रिय द्रावक जळायला तयारच असतं, आणि एक सेल शेजारच्याला पेटवत जातो. फॉस्फेटच्या कॅथोडमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, म्हणून तो निकल-मँगनीज-कोबाल्टच्या मानाने शांत. आता या बॅटरीवर नजर ठेवणारी जी यंत्रणा असते, बीएमएस म्हणतात ती, तिचा प्रोग्राम कोण लिहितं? इलेक्ट्रॉनिक्सचा आणि कॉम्प्युटरचाच मुलगा. पौड रोडवर, एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या टेकडीखाली राहणारा असेल कदाचित. कोणत्या तापमानाला चार्जिंग तोडायचं, थंडीत चार्जिंगचा वेग का कमी करायचा, हे आकडे तो कोडमध्ये टाकतो. ते कुठून आले हे त्याला माहीत नसेल, तर ग्राहकांच्या तक्रारी आल्या की ‘जरा वाढवून बघू’ म्हणायला त्याला काय अडचण आहे?

याला उत्तर म्हणून नोकरीचा हवाला दिला जातो. बहुतेक मुलं शेवटी सॉफ्टवेअरमध्येच जातात, तिथे यातलं काही लागत नाही. हा युक्तिवाद त्यांनी जपून वापरावा. सॉफ्टवेअर कंपन्या कॅम्पसला मेकॅनिकलच्या, सिव्हिलच्या मुलांनाही घेतात. मग त्या शाखांतलं धातुशास्त्र, मृद्-यांत्रिकी यांचंही विसर्जन करायचं का? सॉफ्टवेअरच्या नोकरीत भौतिकशास्त्र तरी रोज कुठे लागतं? पहिल्या नोकरीला लागेल तेवढंच शिकवायचं असेल, तर सहा महिन्यांचा कोर्स पुरे, चार वर्षांची फी कशाला घेता?

परदेशाचा दाखला दोन्ही बाजू देतात, म्हणून तो नीट द्यावा. अमेरिकेत बर्कलेच्या ईईसीएस, म्हणजे विद्युत-संगणक, शाखेला रसायनाची सक्ती नाही, हे विरोधक हौसेने सांगतात आणि ते बरोबर आहे. पण तिथे नैसर्गिक विज्ञानाच्या यादीतून दुसरा एखादा विषय घ्यावा लागतो, मोकळीक आहे ती निवडीची. एमआयटीत मात्र संगणकच काय, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही रसायनाचा एक विषय करावाच लागतो, पण तो कोणता हे त्याच्यावर सोपवलं आहे. नेहमीचं मूलभूत रसायन घ्या, नाहीतर घन पदार्थांचं रसायन घ्या, जे धातू, अर्धवाहक, काच, पॉलिमर यांतून शिकवलं जातं. तिथल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी एबेट ही संस्था सर्व शाखांना गणित आणि मूलभूत विज्ञान मिळून किमान 30 सत्र-श्रेयांक मागते, आणि त्यातलं रसायन किती हे शाखेवर सोडते. स्थापत्याच्या निकषांत मात्र रसायनाचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे कमी-जास्त करायला त्यांचीही ना नाही. फरक आहे तो कारणात. त्यांनी शाखा बघून ठरवलं, आपण जागा बघून ठरवतो.

होय, जागा. ही गोष्ट कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलतो. खासगी महाविद्यालयांत वर्षानुवर्षं काही शाखांच्या जागा रिकाम्या राहिल्या. पात्रतेची अट जितकी सैल, तितका दारातून येणारा माणूस जास्त. दुसरीकडे 2024-25 पासून एआयसीटीईने एका शाखेत किती विद्यार्थी घ्यायचे याची वरची मर्यादा काढली, आणि वाढ झाली ती मुख्यतः संगणकाच्या जागांत. आता रसायनाच्या प्रयोगशाळेचा हिशेब करा. फ्युम हूड, गॅसची जोडणी, रसायनं, फुटणारी काच, वापरलेल्या आम्लाची विल्हेवाट, एक अनुभवी प्रयोगशाळा सहायक, आणि एका बॅचला वीसच मुलं. त्याच जागेत संगणक मांडले तर तीच खोली दिवसभर कामाला येते. सर्वांत जास्त विद्यार्थ्यांच्या शाखेला रसायनातून सूट मिळाली तर संस्थेचा खर्च किती वाचतो, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. या बचतीला ‘लवचीकता’ म्हणायचं आणि नव्या शैक्षणिक धोरणाचं नाव पुढे करायचं, याला माझा आक्षेप आहे. आयआयटीचं बघा. तिथे बारावीला रसायन हवंच, आणि जेईई अॅडव्हान्सला ते भौतिक-गणिताच्या बरोबरीने असतं. तिथला संगणकाचा विद्यार्थी ते करूनच आत येतो. सूट मिळते ती पौडच्या, पिरंगुटच्या, आमच्या मुलांना. त्यांच्यावरच ही कृपा का?

रसायन अवघड जातं, हीही एक तक्रार असते. त्या काठिण्याबद्दल बोलायचं तर दोष पेपरात नाही, ब्युरेटमध्ये आहे. माझ्या वर्गात येणारी कित्येक मुलं अशा ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजांतून येतात, जिथे दोन वर्षं क्लासच चालतो आणि प्रयोगशाळेचं कुलूप प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात निघतं. बारावीच्या रसायनात 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते सगळ्यांना जवळपास पूर्ण मिळतात. मग ही मुलं माझ्याकडे येतात, सीईटीत रसायनात 45 मिळवलेली, आणि ब्युरेटची तोटी कोणत्या हाताने फिरवायची ते विचारतात. आमच्याकडेही सबमिशनच्या आठवड्यात मागच्या बॅचची जर्नल फिरतात आणि सगळ्यांचं रीडिंग 10.2 येतं. हा विषय सोपा का अवघड यावर वाद घालणाऱ्यांनी आधी हे सांगावं की तो शिकवला कधी गेला? जो पदार्थ पानात वाढलाच नाही, तो बेचव आहे असा निवाडा चालला आहे.

माझं म्हणणं ‘सर्वांना सर्व रसायन’ असं अजिबात नाही. संगणकाच्या मुलाला कॉस्टिक एम्ब्रिटलमेंट आणि औषधाचं संश्लेषण या दोन्हींतून मोकळं करा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. त्याला अर्धवाहक, बॅटरी आणि ई-कचरा यांचं रसायन एका सत्रात, निम्मा वेळ प्रयोगशाळेत, एवढं पुरे आहे. स्थापत्याला सिमेंट, पाणी, गंज. मेकॅनिकलला इंधन, वंगण, धातू. विद्युत शाखेला विद्युत-रसायन भरपूर. बारावीला रसायन न घेता आलेल्यांना पहिल्या वर्षाच्या आधी पूरक वर्ग, आणि त्याच्या यादीत विषयाचं नाव लिहून, ‘इत्यादी’त नव्हे. डिप्लोमाहून येणाऱ्यांना शाखेपुरता एक छोटा भाग दुसऱ्या वर्षाला. सीईटी कक्षाने पात्रतेची अट आणि प्रश्नपत्रिका यांची एकदा भेट घालून द्यावी, म्हणजे जो विषय ऐच्छिक म्हणता त्याचे गुण कापायचे की नाही हे तरी ठरेल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर पालकांना एक विनंती. प्रवेशाच्या कॅप राउंडच्या आधी कॉलेज बघायला जाता, तेव्हा वातानुकूलित सेमिनार हॉल आणि प्लेसमेंटचा फलक बघून परत फिरू नका. रसायनाची प्रयोगशाळा उघडायला सांगा. बेसिनला पाणी येतं का बघा, बाटल्यांवरच्या चिठ्ठीवरची तारीख वाचा, सहायकाला विचारा की मागच्या आठवड्यात कुणी टायट्रेशन केलं होतं का. आणि किल्ली सापडत नाही असं उत्तर मिळालं, तर पसंतीक्रमात ते कॉलेज खाली टाका.